दिवेलागणीनंतर मराठी बंद

आमच्या घरात दिवेलागणीनंतर मराठी बोलायला बंदी होती, आणि ही बंदी घातली होती माझ्या आईने, जिला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नव्हतं. आज कोणाला सांगितलं तर लोक हसतात. माझी मुलगी तर म्हणते, "मम्मी, तू पण ना, काहीही सांगतेस." काहीही नाही बाई. विठ्ठलवाडी स्टेशनच्या मागच्या बाजूला, वालधुनी नदीच्या काठाला आमची बैठी चाळ होती, वर पत्रे, पुढे अरुंद ओटा. तिथे एक पावसाळाभर आम्ही तिघं संध्याकाळी मुक्यासारखे बसायचो. शेजाऱ्यांना वाटायचं, घरात भांडण झालंय. पगारेमावशी दारातून डोकावून विचारायची, "काय गं, जेवण नाय झालं का तुमचं? आवाज नाय कसला." आणि आई ओठावर बोट ठेवून तिला घालवून द्यायची.

बाबा रेल्वेत गँगमन होते. रूळ, खडी, स्लीपर, खांद्यावर घण, डोक्याला ओलं फडकं. उन्हाळ्यात रुळावरून आले की त्यांच्या अंगाला तापलेल्या लोखंडाचा वास यायचा. आई पाठीला खोबरेल चोळायची आणि ते उताणं न होता, पालथेच पडून बोलायचे. काय बोलायचे? एकच. "मिलिंदाला पंख्याखाली बसवायचा." मिलिंद म्हणजे माझा दादा. पंखा म्हणजे ऑफिसातला पंखा, खाली टेबल, टेबलावर शिक्के. आमच्या अख्ख्या खानदानात पंख्याखाली कोणी बसलेलं नव्हतं, म्हणून बाबांना त्या पंख्याचं फार अप्रूप. मग कावीळ झाली. डोळे पिवळे झाले, अंग पिवळं झालं, झाडपाला झाला, हॉस्पिटल झालं, आणि बाबा गेले. दादा तेव्हा दहावीला बसलेला, शाळेत उशिरा घातलेला, अठरा पूर्ण. निकाल लागला तर सगळे विषय सुटलेले, इंग्रजी राहिलेलं.

बाबांच्या जागी घरातल्या एकाला नोकरी मिळणार होती. आई आणि दादा कल्याणच्या ऑफिसात गेलेले, तिथल्या साहेबांनी नीट समजावून सांगितलं. माणूस वाईट नव्हता. मुलगा दहावी पास असेल तर ऑफिसात घेतील, नसेल तर वडिलांच्याच गँगवर. दादाचा एकच विषय राहिलाय म्हटल्यावर ऑक्टोबरच्या परीक्षेचा निकाल लागेपर्यंत कागद थांबवून ठेवायलाही ते तयार झाले. आई घरी आली ती पदर खोचूनच. म्हणाली, "एक इषय. एका इषयापायी माझं पोरगं घन उचलनार न्हाई." त्या दिवसापासून आमच्या घरात इंग्रजी नावाचा पाहुणा येऊन बसला, आणि उठायचं नाव घेईना.

दादा मठ्ठ होता असं कोणी समजू नये. गणितात तो चाळीतल्या सगळ्यांना पाणी पाजायचा. रेडिओ उघडून परत जोडायचा. पण इंग्रजी समोर आलं की त्याचं तोंड असं व्हायचं, जसं कोणी त्याला न केलेल्या चोरीबद्दल विचारतंय. कल्याणला लेले सरांचा क्लास होता. सर डोंबिवलीत राहायचे, शाळेतून निवृत्त झालेले, स्वच्छ धोतर, स्वच्छ मराठी. मी तेव्हा आठवीत. दादासोबत आई मलाही पाठवायची, कारण दादा एकटा अर्ध्या वाटेतून परत येईल अशी तिला शंका होती. सरांच्या क्लासात सगळी आमच्यासारखीच, इंग्रजी राहिलेली मुलं. सर म्हणायचे, "तुम्हाला भाषा येत नाही हे परीक्षकाला पहिल्या ओळीतच कळणार आहे. तेव्हा निबंधात वाक्प्रचार पेरा. परीक्षक प्रसन्न होतो." मग ते फळ्यावर वाक्प्रचार लिहायचे आणि समोर मराठी अर्थ. आम्ही इंग्रजी देवनागरीत उतरवून घ्यायचो, आणि वाटेत पाठ करत यायचो.

पाठ व्हायचं हो. दादाचं पाठांतर चांगलं होतं. अडायचं ते भलतीकडेच. त्याला प्रश्न पडायचे. 'फॉर गुड' म्हणजे कायमचं. दादा चालता चालता थांबला. "कायमचं जाण्यात गुड काय आहे?" मी म्हटलं, "मला काय माहीत." "बाबा फॉर गुड गेले. मग त्यात काय चांगलं झालं?" 'मला चहा नको' एवढं सांगायला मध्ये 'डू' कशाला लागतो, 'डू' म्हणजे करणे, नको म्हणण्यात काय करायचंय? 'होल्ड युवर टंग' म्हणजे गप्प बस. यावर क्लासातल्या एका मुलाने खरंच दोन बोटांत जीभ धरून दाखवली, सगळे हसले, दादा हसला नाही. त्याला ते पटलं होतं. गप्प बसवायचं तर जीभ धरायला हवी, बरोबरच आहे, म्हणाला, हे एकच काय ते सरळ आहे. 'बर्न द मिडनाइट ऑइल', म्हणजे रात्री जागून अभ्यास करणे, हे तेलासकट आईला सांगितलं तर ती म्हणाली, "जाळा की. राकेलच्या रांगेत उभी ऱ्हानारी मी हाय." आणि त्या दिवशी तिने स्टोव्हवर भात न करता सकाळची भाकरीच वाढली, सोबत सुकटाची चटणी.

आता मी घोडबंदर रोडवर मुलीच्या घरी असते. नातू चार वर्षांचा नाही अजून, पण त्याच्या तोंडून 'डू' आणि 'डज' असे टपाटप पडतात की मला त्याचा राग येतो. लहान पोराचा राग येतो हे सांगायला लाज वाटते, पण येतो खरा. वाटतं, याला हे कोणी दिलं, आणि माझ्या भावाने काय घोडं मारलं होतं?

बंदीचा किस्सा असा. लेले सर एकदा सहज म्हणाले, "घरी बोलायची सवय हवी. घरात तासभर तरी इंग्रजीच बोला." कोणाच्या घरी, हे सरांनी विचारलं नाही. त्यांना सुचलंही नसेल. मी मूर्खासारखं ते आईला येऊन सांगितलं. आई तेव्हा खाली बसून पँटींचे धागे कापत होती. उल्हासनगरच्या कारखान्यांतून चाळीत पँटींचे गठ्ठे यायचे, शिवणीचे लोंबते धागे कापून द्यायचे. तिची छोटी कात्री दिवसभर कचकच चालायची. ती थांबली. म्हणाली, "मंग बोला. वंदना झाली की ताटं मांडंस्तोवर मराठी बंद."

दादा म्हणाला, "आई, तुला कुठे येतं?"

"मला पाली तरी कुटं येत व्हती?" आई म्हणाली.

संध्याकाळी मेणबत्ती लावून आम्ही बुद्धवंदना म्हणायचो, त्रिसरण, पंचशील, सगळं पालीत. आईला अक्षरओळख नव्हती, पण तिचं सगळं तोंडपाठ, एक मात्रा इकडची तिकडे नाही. तिच्या लहानपणी, नगरकडच्या त्यांच्या वस्तीत, रोज संध्याकाळी सगळे एकत्र बसून म्हणायचे. आधी जीभ वळली, अर्थ पुढे कोणीतरी सांगितला. पाली अशी आली, तर इंग्रजी का येऊ नये? रोज म्हणत राहायचं. तिचा त्यावर पूर्ण विश्वास होता, आणि खरं सांगते, आमचाही बसला. बाहेरच्या कोणाच्या डोक्यात हे आलं नसतं. पण आमच्या लोकांनी एवढं मोठं काहीतरी नुसतं म्हणून म्हणून आपलंसं केलं होतं. आई त्याच वाटेने गेली.

फरक एवढाच की वंदना म्हणायची असते, आणि घरात बोलायचं असतं. मेणबत्ती विझवली की आम्ही तिघं एकमेकांकडे बघत बसायचो. "वॉटर," मी म्हणायची. "गिव्ह," दादा म्हणायचा. आई 'कम', 'सिट', 'नो' एवढं शिकली होती आणि 'नो' चांगलं ठसक्यात म्हणायची. बाकी कात्रीची कचकच, स्टोव्हचा आवाज, पलीकडून पगाऱ्यांचा रेडिओ. आधी हीच वेळ आईच्या बोलण्याची होती. धागे कापता कापता ती बाबांबद्दल सांगायची, लग्नात त्यांनी चपला कशा हरवल्या, पहिल्या पगाराची साडी कोणत्या रंगाची होती. बाबा गेल्यावर तर ते बोलणं म्हणजे तिचं औषध झालेलं. ते तिने स्वतःच्या हाताने बंद केलं. स्वतःच्या घरात पाहुणीसारखी बसायची, आम्ही दोन शब्द बोललो की एकदा याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघायची, आणि काही न कळता मान डोलवायची. मला ते बघवायचं नाही. एकदा मी रडले. तिने जवळ घेतलं, पण बोलली नाही, कारण ताटं मांडायची होती अजून.

मधे एकदा सरांनी 'माझे वडील' हा निबंध दिला. दादाने बसून लिहिला, वाक्प्रचार पेरून. 'टू गिव्ह अप द घोस्ट' म्हणजे प्राण सोडणे, असं फळ्यावर होतं. त्याने लिहिलं, 'माय फादर गेव्ह अप द घोस्ट इन द हॉस्पिटल.' ताटावर बसल्यावर आईने विचारलं, काय लिवलंस. दादाने शब्दाशब्दाचा अर्थ सांगितला. घोस्टचा अर्थ ऐकून आईचा घास हातातच राहिला. "भूत? तुझ्या बानं भूत सोडलं? आरं, आपन भूतखेत मानीत न्हाई. तुझा बा तर अमावस्येला मुद्दाम रुळावरनं चालत यायचा." दादा दुसऱ्या दिवशी वही घेऊन सरांपुढे उभा राहिला. "सर, आमच्यात भूत मानत नाहीत. दुसरं काही आहे का?" क्लास हसला. सर हसले नाहीत. त्यांनी निबंध वाचला, चष्मा काढला, पुसला, आणि आमच्या घरात काय झालंय हे त्यांना तेव्हा कळलं. हळू आवाजात म्हणाले, "ब्रीद्ड हिज लास्ट असं लिही." दादाने लिहून घेतलं. मग म्हणाला, "लास्ट काय, सर? शेवटचा काय?" "शेवटचा श्वास." "मग श्वास लिहिलेला कुठे आहे?" सर म्हणाले, "तो लिहीत नाहीत. गृहीत धरतात." येताना दादा म्हणाला, "सुजा, हे लोक अर्धं गृहीत धरतात गं. आपल्याला कसं कळणार काय गृहीत धरलंय ते?" त्याचा आवाज इतका थकलेला होता की मला त्याचा हात धरावासा वाटला. रस्ता होता म्हणून धरला नाही.

परीक्षा झाली. पेपरहून आला तेव्हा आईने विचारलं, "कसा गेला?" "बरा." तेवढंच. मी प्रश्नपत्रिका पाहिली, त्यावर त्याने पेन्सिलने एकही खूण केलेली नव्हती. नेहमी सोडवलेल्या प्रश्नावर करायचा. मला ते दिसलं, पण मी काय करणार होते? आईला सांगू? ती तर त्या दिवसापासून पंख्याबद्दल बोलायला लागली होती. निकालाला अजून वेळ होता आणि तिने बाबांचा चांगला शर्ट धुऊन, इस्त्रीवाल्याकडून कडक करून आणलेला, दादा ऑफिसात पहिल्या दिवशी घालील म्हणून. आणि बंदी काही उठली नव्हती. ऑफिसात इंग्रजी बोलावं लागेल ना, म्हणाली.

त्या आठवड्यात दादा दोनदा लेले सरांकडे जाऊन आला. क्लास तर संपलेला. मी विचारलं तर म्हणाला, "एक भाषांतर विचारायचं होतं." मला वाटलं, बरं आहे, नाद लागला.

मग ती संध्याकाळ. वंदना झाली, आईने मेणबत्ती विझवली आणि गठ्ठा पुढे ओढला. दादा बसला नाही. भिंतीला टेकून उभा राहिला, हात मागे, शाळेत कविता म्हणताना उभा राहायचा तसा. आणि आईकडे बघून, एकदाही न अडखळता म्हणाला, "मदर, आय हॅव डिसायडेड टू जॉइन फादर्स गँग फ्रॉम मंडे. प्लीज डू नॉट वेट फॉर द रिझल्ट."

कात्री थांबली. आईचा चेहरा असा फुलला की बाबा गेल्यापासून मी तसा पाहिला नव्हता. तिने माझ्याकडे बघितलं, डोळे भरलेले. आणि स्वतःच केलेली बंदी स्वतःच मोडून म्हणाली, "आलं गं. आलं की याला. बघितलंस का, कुटं अडला न्हाई." मी दादाकडे पाहिलं. तो भिंतीला तसाच चिकटलेला, ओठ मिटलेले. हे वाक्य त्याने सरांकडून करून घेतलं होतं आणि पाठ केलं होतं, हे मला तिथेच कळलं. सगळं तो पाठ करायचा, हेही केलं.

"काय म्हनला गं त्यो?" आईने मला विचारलं.

तिच्या चेहऱ्यावरचं ते पुसायचं कसं? आणि मला एकच पळवाट दिसली. मी म्हटलं, "आफ्टर फूड." आई हसली. "बरूबर. मराठी बंद," म्हणाली, आणि पदराला हात पुसत उठली. आधी पगारेमावशीच्या दारात गेली, मग पलीकडे जाधवांकडे, मग पुढच्या दारांत, मग नळावर. ओट्यावरून तिचा आवाज येत होता. "माझा मिलिंदा फडाफडा बोलला. उभ्यानं बोलला." कोणीतरी विचारलं, काय बोलला? ती म्हणाली, "ते जेवताना सांगनार हाय." परत येताना तिच्या ओंजळीत रवा होता, पगारेमावशीकडून मागून आणलेला. घरात गूळ होता. तिने शिरा करायला घेतला. आम्ही दोघं आत बसून राहिलो. मी दादाला खुणेने विचारलं, खरंच? त्याने मान डोलवली. कल्याणच्या ऑफिसात सही करून आला होता. माझा भाऊ मला तेव्हा बाबांएवढा म्हातारा दिसला.

त्याचा निकाल पुढे यथावकाश लागला, तो आणायला मीच गेले. इंग्रजी राहिलंच होतं. लोक म्हणतात, थोडं थांबायला हवं होतं, तिसऱ्यांदा बसायला हवं होतं. सांगणाऱ्यांचं काय जातं. तो पेपर समोर घेऊन बसला होता आणि त्याला कळलं होतं. वाट पाहत बसलेल्या आईचं तोंड रोज बघणं त्याला जमलं नाही. मला हे आज समजतं, आणि समजूनही काही उपयोग नाही.

ताटं मांडली. मराठी सुरू झाली आणि कोणी बोलेना. आईने शिरा दादाच्या ताटात आधी वाढला, गरम, वर वाफ. समोर बसली. "हं, सांग आता. काय म्हनलास मगाशी?"

दादा ताटात बघत म्हणाला, "सोमवारपासून बाबांच्या गँगवर जातोय, आई. सही करून आलो. निकालाची वाट नको बघू."

आईच्या हातातल्या पळीचं टोक शिऱ्यातच राहिलं. ती रागावेल, छाती पिटेल, असं मला वाटलं. तिने विचारलं, अगदी साध्या आवाजात, खरंच न कळल्यासारखं, "मंग मला विंग्रजीत कशापायी सांगितलंस?"

"मराठीत सांगितलं असतं तर रडलो असतो," दादा म्हणाला.

आईने पळी खाली ठेवली. उठली, पदर नीट केला आणि बाहेर गेली. आम्हाला पगारेमावशीचं दार वाजलेलं ऐकू आलं, आणि आईचा खालचा आवाज. "मगाशी म्या सांगितलं ना गं, ते तसं नव्हतं. मलाच कळलं न्हाई." मग जाधवांचं दार वाजलं. मग त्याच्या पुढचं. ज्या ज्या दारात ती सांगून आली होती, त्या प्रत्येक दारात गेली.